येण्यापुरती झाडं

ठवकर सर खोलीत शिरले की आधी पंखा बंद होतो आणि मग नमस्कार होतो.

मे महिना, तोही नागपूरचा. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलेलो. घाम उत्तरपत्रिकेवर पडू नये म्हणून मान तिरपी धरलेली. सर आले. खट्!

"अहो सर, मी बसलोय ना इथे!"

"बसा नं. मी कुठं नाही म्हटलं? पण तुमच्या डोक्यावर पंखा फिरते अन् तिकडं मौद्याच्या वीजघरात कोळसा जळते. पेपर तपासाले हवा कायले लागते? अक्कल लागते."

हे मौद्याच्या कोळशाचं वाक्य ज्याला ऐकवलं नाही असा माणूस आमच्या विद्यापीठात सापडायचा नाही. सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. उंच, वाळलेले, आणि खिशात पेनाशेजारी शिंप्याची टेप. ती कशाला बाळगतात हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. तसं सरांचं मला बरंच काही कळत नाही. तेरवीच्या पंगतीत बसून "या जेवणाचा कार्बन किती पडला?" असं यजमानाला विचारणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही.

विद्यापीठाने पर्यावरणाचा आराखडा करायचं ठरवलं आणि सर समितीचे अध्यक्ष झाले. कला शाखेचा कोणीतरी हवा म्हणून मराठी विभागातून मला उचललं. त्या दिवशी मी रजेवर होतो, एवढीच माझी पात्रता. पहिल्याच बैठकीत एसी बंद. समोसेही बंद, कारण ते कुठल्या गॅसवर तळले याचा खुलासा कँटीनवाल्याला देता आला नाही. मग नेट झिरो, बेसलाइन, ऑफसेट. मी मदतीच्या आशेने भूगोलाच्या मॅडमकडे पाहिलं, तर त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

शेवटी मी विचारलंच, "सर, ऑफसेट म्हणजे काय हो?"

"तुम्ही गाडीनं धूर सोडला. आता तेवढा धूर पिऊन टाकतीन इतके झाडं लावा. झाली बरोबरी."

"म्हणजे रविवारी मटण चापायचं आणि सोमवारी उपास धरायचा?"

सर खरोखर विचारात पडले. "तसंच गा. पण मटण किती खाल्लं थे आधी मोजा लागते."

हा कायदा घरच्यांनाही लागू होता. सरांची एकुलती एक मुलगी प्राची कॅनडात. दर उन्हाळ्यात यायची. एकदा सर तिला फोनवर म्हणाले, "तुह्या एका चकरेत माह्या किती वर्षांचा कार्बन पडते वं!" मुलगी शेवटी त्यांचीच. "बरं बाबा, नाही येत," म्हणाली, आणि खरंच आली नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सर हे भर बैठकीत छाती फुगवून सांगत. "माही पोरगी पाहा! अन् तुम्हाले रामदासपेठेतून इथं याले कार लागते." रामदासपेठेत मी राहतो. या बापलेकीचं कौतुक करावं की दोघांना समोरासमोर बसवून झापावं, मला काही कळेना.

आराखडा होत आला आणि घोडं अडलं ते झाडांवर. झाडं कमी भरत होती. कुलगुरू म्हणाले, "ठवकरांच्या क्वार्टरमागे चांगली रांग आहे. ती धरा."

सर ताडकन उठले. "थे झाडं नाही धराचे."

"का बरं?"

"थे आधीच धरलेले आहेत."

"कोणी धरली?"

"धरले म्हणजे धरले!"

कुलगुरूंचाही पारा चढला. जमीन विद्यापीठाची, झाडं धरायची नसतील तर अध्यक्षपद दुसऱ्याला देतो, म्हणाले. सर म्हणाले, "द्या," आणि जाताना सवयीने दिवा बंद करून गेले. आम्ही अंधारात एकमेकांकडे बघत राहिलो. समोशासाठी तासभर भांडणारा माणूस आराखडाच सोडून निघाला, ही काय भानगड?

त्यांची समजूत घालायला अर्थातच मला पाठवलं. भर उन्हात मी क्वार्टरवर पोचलो. ठवकर काकू वारल्यापासून सर तिथे एकटेच असतात. मागे गेलो तर सर एका करंजाच्या खोडाला शिंप्याची टेप गुंडाळून उभे. पायाशी भांडी विसळलेल्या पाण्याची बादली.

"वाढलं का?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"बोटभर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्राचीचे आहेत हे. पोरगी नाही येत म्हणाली तवा मले वाटलं, मजाक करून राहिली. नाही आली नं खरंच. मंग लावले. तिच्या विमानाचा धूर यांनी पिऊन टाकला का मले तोंड वर करून म्हणता येते, ये म्हणून. विद्यापीठानं धरले तर तिच्यासाठी काय राह्यते? एकच झाड दोनदा मोजता येत नाही गा."

अरे देवा! फोन उचलून "बाई, तुझी आठवण येते" म्हणायचं सोडून या माणसाने आख्खी रांग लावली! आणि अक्कल म्हणे पेपर तपासायला लागते.

"मग झाली का पुरेशी?"

"येण्यापुरते झाले." सरांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "जाण्यापुरते बाकी आहेत."

"अहो, मग बोलवा ना! येऊ तर द्या पोरीला. जाण्याचं जाताना बघू."

सर माझ्या बोलण्यात चूक कुठे आहे ते शोधत असावेत. बराच वेळ शोधलं आणि मग फोन काढला.

"प्राची, झोपली होती का वं? काही नाही झालं, मी बरा आहे. आयकून घे. तुह्या येण्याचे झाडं झाले." पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. सर मात्र करंजाला टेकून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "जाण्याचे? थे वाढतीन हळूहळू. तुले घाई आहे का?"

फोन ठेवून ते तडक घरात गेले. अध्यक्षपदाचं बोलायला आलो होतो, ते राहूनच गेलं. मी मागोमाग गेलो, तर सरांनी आतल्या बंद खोलीचं दार उघडून पंख्याचं बटण दाबलं होतं. रिकाम्या पलंगावर पंखा करकरत फिरत होता आणि सर खाली उभे राहून वर बघत होते.

"फिरते का थे पाहून राहिलो," ते म्हणाले. "तिले गरमी सहन नाही होत."