धमनीचं नाव-गाव

कात्री लावण्याआधी डॉ. वासंती कुडाळकर प्रत्येक धमनीला नाव-गाव विचारत, आणि धमन्या सांगतही. कणकवलीत याचं कुणाला नवल नव्हतं. तिथे पाहुण्यालाही ‘कुठले तुम्ही’ विचारल्याशिवाय पाट मांडत नाहीत. इथे तर कापायचं होतं.

त्या सकाळी टेबलावर खानावळवाले सुधाकर पारकर भूल घेऊन निवांत पडले होते. खड्यांनी भरलेलं पित्ताशय काढायचं होतं. बाईंनी दुर्बीण आत घातली, चरबी बाजूला सारली, तर समोर एक जाडजूड धमनी धडधडत होती.

“कुठल्या तुम्ही?”

“पित्ताशयाची. कापा.”

“आपणहून कापा म्हणणाऱ्या पहिल्याच भेटलात.”

“मॅडम, ती स्वतः सांगतेय ना,” भूल देणारे डॉ. सामंत म्हणाले. “पुस्तकातही इथे एकच दाखवलीय.”

“पुस्तकातलं चित्र पारकरांना समोर बसवून काढलेलं नाही.” बाई धमनीकडे वळल्या. “चला, तुमच्या घरापर्यंत येते.”

“नको. पसारा आहे घरात.”

“असू दे. मी जेवायला येत नाहीये.”

बाई चिमट्यानं एकेक पदर सोडवत तिच्या मागोमाग निघाल्या. पित्ताशयाच्या दारापर्यंत जाऊन धमनीनं वाकडं वळण घेतलं आणि सरळ यकृताची वाट धरली. ही कापली असती तर यकृताचा मोठा भाग उपाशी मेला असता, आणि पारकरांचंही काही खरं नव्हतं. वळणाच्या आडोशाला सुतासारखी एक बारीक धमनी दडली होती.

“ही कोण?”

“लेक,” मोठी पुटपुटली.

“पित्ताशयाची मी,” बारकी म्हणाली. “आईनं गप्प बसायला सांगितलेलं.”



“बाई, तिच्याऐवजी मला न्या,” मोठी म्हणाली.

“मग यकृताकडे कोण बघणार? आणि हिला जिथे दिलीत, ते घरच आज बाहेर निघालंय.”

मॉनिटरवर पारकरांचा एक ठोका हुकला. सामंत उठून उभे राहिले. बाईंचा हात हलला नाही.

“म्हणजे हिचं काहीच उरणार नाही?”

“उरेल. तुमच्याकडचं टोक.”

“केवढं?”

“रक्त अडवायच्या दोन क्लिपा बसतील एवढं.”

“तीन.”

बाईंनी जागा निरखून पाहिली. अडचण होती, पण नेटानं धरलं तर तिन्ही बसत होत्या.

“सिस्टर, तिसरीही क्लिप द्या,” त्या म्हणाल्या. “मग कात्री.”