अर्ध्या ओळींची पत्रिका

"आपला देव काय मागच्या दाराने येतो का रे?" असं म्हणत अकोफा आत्यांनी छापखान्यातून नुकतीच आलेली चकचकीत कार्यक्रमपत्रिका टेबलावर आपटली, तेव्हा सेनामच्या हातातला मक्याच्या केंकेचा घास हातातच राहिला. लग्न शनिवारी होतं आणि आज गुरुवार होता.

आत्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. चर्चमध्ये गायची गीतं पुढच्या पानांवर ट्वी भाषेत छापली होती, म्हणजे नवरीकडच्या अशांती मंडळींच्या भाषेत. तीच गीतं एवे भाषेत, म्हणजे सेनामकडच्यांच्या भाषेत, पार शेवटी होती. आभाराच्या पानाच्याही मागे, सरबताच्या जाहिरातीला खेटून. चाल एक, देव एक, नुसतं पान वेगळं. पण लग्नघरात तेवढं पुरतं.

"आत्या, ते छापणाऱ्याने केलंय. त्याला काय कळतंय?"

"छापणारा कुमासीचा आहे, त्या अशांतींच्याच गावचा. त्याला सगळं कळतं! केटाहून एवढे लांब आलो ते सरबताशेजारी उभं राहून गायला?"

सेनामने मुकाट्याने छापखाना गाठला आणि क्रम उलटा करून घेतला. एवे पुढे, ट्वी मागे. संध्याकाळी तो नमुना घेऊन तो सासुरवाडीला गेला, आणि तिथे नवरीचे मामा बसलेले होते.

अशांतींच्या घरात बापाने खर्च करावा आणि मामाने बोलावं. अम्पोफो मामांनी पत्रिका पुढून पाहिली, मागून पाहिली, चष्मा काढला आणि पुसत पुसत म्हणाले, "जावईबापू, परवा चर्चमध्ये रेव्हरंड विचारणार, ही मुलगी कोण देतंय? तेव्हा उभं कोणी राहायचं?"

"तुम्ही, मामा."

"मी. पण माझ्या बहिणीच्या पोरीच्या लग्नात माझी भाषा मागच्या बाकावर बसणार असेल, तर मीही बसूनच राहीन. तसेही माझे गुडघे दुखतात."

नवरी आफ्रिये दारात उभी होती, तिचा चेहरा पडला. मामांची बैठक काय असते ते तिला माहीत होतं. मावशीच्या लग्नात सूप गार लागलं म्हणून ते रुसले होते, ते त्या घरचं पाणी अजून पीत नाहीत. आणि रेव्हरंड तेते नियमाचे पक्के. 'कोण देतंय' म्हटल्यावर कोणी उठलंच नाही, तर ते पुस्तक मिटून सरळ घरी जातील.

छापखानेवाल्याने तर हातच टेकले. "साहेब, एक तर मी छापतो, नाही तर तुम्ही भांडा. दोन्ही एका मशीनवर होत नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि तो पुन्हा उचललाच नाही.

"आता रे?" आफ्रियेने विचारलं.

सेनाम हसला. तो विद्यापीठाच्या संगणक केंद्रात कामाला होता. "उद्या दुपारी तुझ्या मामांना आणि माझ्या आत्यांना केंद्रात घेऊन ये. दोन्ही भाषा एकाच पानावर, शेजारी शेजारी. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. एका ओळीचं काम आहे."

"एका ओळीचं?"

"एकाच."

आता ही एक ओळ काय चीज होती, ते सांगायलाच हवं. सेनामचा संगणकाच्या एका हुकमावर जीव होता. त्याचं नाव दोनच अक्षरांचं, पीआर. काळ्या पडद्यावर टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. सेनाम जन्मायच्या कितीतरी आधी, प्रिंटरचा कागद लांबलचक पट्टीने यायचा त्या काळात, कुणा भल्या माणसांनी हा लिहून ठेवला. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत, 'तुमची खात्री आहे ना?' असलं लाडीगोडीचं विचारणं नाही. साधा मजकूर हवाली करा. तो त्याची पानं पाडतो, समास सोडतो, डोक्यावर तारीख घालतो आणि छपाईला तयार करून देतो. सांगितलं तेवढंच करतो आणि सांगितलं तेवढं करतोच. अशी माणसं केटातही सापडत नाहीत आणि कुमासीतही नाहीत.

शुक्रवारी दुपारी अम्पोफो मामा खांद्यावरचं केंटेचं वस्त्र सावरत केंद्रात आले. आत्याही केंटे पांघरूनच आल्या होत्या. "छान आहे हो तुमचं," मामा म्हणाले, "आमच्याकडून शिकलात ना विणायला?" "आम्ही शिकवलं तुम्हाला," आत्या म्हणाल्या, "म्हणून तर तुमच्या कडा वाकड्या." हे झाल्यावर दोघं दोन खुर्च्या दोन भिंतींना सरकवून बसले.

सेनामने दोन फायली आधीच तयार ठेवल्या होत्या. त्याने टाइप केलं, पीआर, मग शेजारी शेजारी मांड म्हणून सांगणारं एक अक्षर, मग दोन्ही फायलींची नावं, शेवटी प्रिंटरची वाट. एंटर. पापणी लवायच्या आत प्रिंटर घुरघुरला आणि पान बाहेर आलं. इकडे एवे, तिकडे ट्वी, ओळीला ओळ लागलेली, मधोमध स्वच्छ पांढरी पट्टी.

मामा उठून उभे राहिले. त्यांनी बोटाची पेरं लावून एक बाजू मोजली, मग दुसरी. "केसाचा फरक नाही! अगं आफ्रिये, बघ तर!" आत्यांचा अशांती बोटांवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच्या बोटांनी पुन्हा मोजलं आणि त्याही गप्प झाल्या. सेनामला आत्या गप्प झालेल्या आठवत नव्हत्या. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"पण काय रे," आत्या एकदम म्हणाल्या, "आपण डाव्या हाताला का?"

डाव्या हाताने घानात कोणी कोणाला मीठसुद्धा देत नाही. मामा खिडकीबाहेर बघत मिशीत हसले.

"बदलतो ना, आत्या. फायलींची नावं उलटी लिहिली की झालं."

मामांचं हसू मावळलं. "म्हणजे आम्ही डाव्या हाताला?"

"नाही मामा. तुमच्या पाहुण्यांना देऊ त्या पत्रिकेत तुमची भाषा उजवीकडे. आमच्या पाहुण्यांना देऊ त्यात आमची उजवीकडे. दोन गठ्ठे करायचे."

त्याने नावं उलटी केली, एंटर दाबलं, दुसरं पान आलं. मामांनी दोन्ही पानं दोन हातांत धरली आणि हळूच खाली बसले. "आमच्या राजाकडे हा तंटा गेला असता ना, तर तीन पिढ्या खाल्ल्या असत्या," ते म्हणाले. "आणि या पठ्ठ्याने बसल्या जागी निकाल दिला. कोण म्हणालास हा?"

"पीआर, मामा."

"चांगल्या घरचा दिसतो."

सगळ्यांनी पाहिलं ते पहिलं पान. त्यावर नवरानवरीची, आईबापांची नावं आणि कार्यक्रमाचा क्रम, सगळ्या आखूड ओळी. आतली पानं सेनामनेही पाहिली नाहीत, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. गीतांच्या ओळी होत्या लांब. आणि पीआरला दोघांना शेजारी बसव म्हटलं की तो दोघांना पानाचा बरोबर अर्धा अर्धा हिस्सा देतो. हिश्श्यात मावेना ते खालच्या ओळीवर ढकलत नाही, कुणाला विचारत नाही, कुरकुरतही नाही. कापून टाकतो. सेनामला हे ठाऊक होतं बरं! पण सासुरवाडीने पाठ थोपटायला घेतली की शहाण्यासुरत्याला काय काय आठवेनासं होतं. घरातल्या मुलींनी पानं दुमडली, गठ्ठ्यांना फिती बांधल्या आणि ते थेट चर्चमध्ये गेले.

शनिवारी सकाळी चर्च खचाखच भरलं होतं. डावीकडच्या बाकांवर कोणी बसायचं यावरून जरा झालं, पण रेव्हरंड तेते ना इकडचे ना तिकडचे, अक्रातल्या गा जमातीचे. त्यांनी लहान मुलांना डावीकडे बसवून तो प्रश्न मिटवला. ऑर्गन वाजला आणि पहिलं गीत सुरू झालं. पहिलं कडवं काय, सगळ्यांना तोंडपाठ. दोन भाषा एका चालीत मिसळून अशा उसळल्या की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. वेदीपुढे उभ्या असलेल्या सेनामला वाटलं, झालं, जिंकलो.

दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी पत्रिकेत पाहिलं.

'तुझ्या कृपेच्या सावलीत आम्ही,' एवढं गाऊन अख्खं चर्च एकदम थांबलं. ऑर्गन एकटाच पुढे गेला. पुढची ओळ आली, 'दुःखाच्या डोंगरावरूनही तुझा,' आणि पुन्हा सगळे गप्प. दोन्ही बाजू गप्प, कारण कापणाऱ्याने दोघांनाही सारखंच कापलं होतं. माणसं कागद उलटून मागे काही उरलंय का ते बघू लागली.

"सेनाम," चेहऱ्यावरच्या जाळीआडून आफ्रियेचा आवाज आला, "ओळींची शेपटं कुठे आहेत?"

"मशीनमध्ये राहिली."

"मशीनमध्ये? अरे देवा! मामांकडे बघ. मामा काय करतायत?"

मामा पत्रिका डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. त्यांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. आता हा माणूस बसूनच राहणार, आणि तो उठला नाही की संपलं.

पण मामा अर्धं आयुष्य चर्चच्या गायकवर्गात गायले होते. ट्वी गीत मध्येच लंगडं पडलेलं ऐकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तिसऱ्या ओळीला चर्च थांबलं, तशी त्यांनी काठी बाकाला टेकवली, गुडघ्यांसकट उठले, आणि उरलेलं शेपूट एकट्याने, भरदार खर्जात पुरं केलं. सगळ्या माना वळल्या. पलीकडून अकोफा आत्यांनी हे पाहिलं. ट्वीचं शेपूट पुरं आणि एवेचं लोंबकळत? त्या ताडकन उठल्या आणि पुढच्या ओळीचं एवे शेपूट त्यांनी असं उचललं की बाकावर पेंगणारी पोरं जागी झाली. केटाच्या किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्यांना हाका मारून कमावलेला आवाज तो!

मग काय विचारता! ओळीचा पहिला अर्धा भाग चर्चचा, उरलेला अर्धा या दोघांचा. आधी दोघंही एकमेकांवर डोळे वटारून गात होते. हे चढले की त्या चढायच्या. पण चाल तर एकच होती, किती भांडणार? तिसऱ्या कडव्याला खर्ज आणि तार एकाच सुरावर येऊन टेकले आणि तिथेच थांबले. ऑर्गनवाल्याने पट्ट्यांवरची बोटं उचलली. चौथ्या कडव्याला लोक आपला अर्धा भाग हलक्या आवाजात गाऊ लागले, कारण पुढचं ऐकायचं होतं. पंखे हलवणारे हात थांबले. बाहेर नारळ विकणारी बाई टोपलीसकट दारात येऊन उभी राहिली. सेनामच्या अंगावर काटा आला. डोळे केव्हा भरले ते त्याला कळलंही नाही. देवाघरी असं काही ऐकायला मिळत असेल, तर माणसं मरायला घाबरतात तरी कशाला, असं त्याच्या मनात आलं.

गीत संपलं तरी कोणी खोकलंसुद्धा नाही. रेव्हरंड तेतेंनी दोनदा चष्मा पुसला आणि घसा साफ केला. "ही मुलगी कोण देतंय?"

सगळं चर्च मामांकडे वळलं. मामा उभेच होते. दुसऱ्या कडव्यापासून ते बसलेच नव्हते. ते त्यांच्याही आत्ताच ध्यानात आलं. त्यांनी गुडघ्यांकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. पण एवढं गाऊन झाल्यावर बसायचं कुठल्या तोंडाने? त्यांनी पत्रिका उघडली. त्यांचं वाक्यही त्यातच होतं. "आम्ही सगळे ही आमची लाडकी लेक आनंदाने," त्यांनी वाचलं, आणि तिथे कागद संपला.

वाक्य काही त्यांना येत नव्हतं असं नाही. पण सकाळभराची सवय! ते थांबले आणि त्यांनी सरळ पलीकडे आत्यांकडे पाहिलं. आफ्रियेने सेनामचा हात घट्ट धरला.

"देतो!" आत्यांना राहवलं नाही. "देतो म्हणा हो, व्याही! सूर का सोडलात?"

"सोडला नाही," मामा म्हणाले. "श्वास घेत होतो. देतो."

चर्चभर जो हशा पिकला, त्यात रेव्हरंडांचं पुढचं वाक्य कुणाला ऐकू आलं नाही. त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

जेवणाच्या मांडवात मामा आणि आत्या एकाच टेबलावर होते. मामांच्या ताटात आत्यांनी वाढलेलं केटाकडचं अकप्ले होतं आणि ते गारढोण झालं होतं, तरी मामा खात होते. जो तो येऊन सेनामला विचारत होता, ही अर्ध्या ओळींची कल्पना सुचली कशी? रेव्हरंड तेतेंना तर पुढच्या सणाला तसलीच पत्रिका हवी होती. सेनामला ते सहन होईना. तो मामांच्या खुर्चीशी जाऊन वाकला.

"मामा, खरं सांगतो, ती कल्पना नव्हती, चूक होती. हुकमाने दोघांना बरोबर अर्धं अर्धं पान दिलं आणि बाहेर आलेलं कापून टाकलं. मी बघितलंच नाही."

मामांनी घास खाली ठेवला. "आमचं कापलं?"

"हो."

"त्यांचंही कापलं?"

"हो, मामा."

"सारखंच?"

"अक्षराचा फरक नाही."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "आणि तू याला चूक म्हणतोस?" ते हळूच म्हणाले. "इतका न्यायी पंच मला आमच्या घराण्यात दाखव. तुमच्यात दाखव. बारशाची पत्रिकाही त्याच्याकडूनच, कळलं?"

"हो, मामा."

"आणि जावईबापू," आत्यांचं लक्ष नाही असं बघून मामा त्याच्या कानाशी लागले, "तेव्हा मात्र सगळ्या गठ्ठ्यांत आमची भाषा उजवीकडे."