चुकलेल्या शोधाचे पेढे

डॉ. पटले पेढे वाटत, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये कुणी त्यांचं अभिनंदन करत नसे. पोराला नोकरी लागली, घर बांधलं, पीएच.डी. एकदाची उरकली, असल्या कारणांवर आमचा विश्वास. पटले सरांचं कारण ठरलेलं असे : जगात कुठंतरी कुणीतरी आपल्या लेखात त्यांच्या लेखाचा उल्लेख केला.

"या वेळी कुठं, सर?"

"फिलिपिन्स."

"वा!" म्हणून इतिहासाचे बिसेन दुसरा पेढा उचलत. "फिलिपिन्सवाल्यांना सांगा, दर महिन्याला लिहीत जा."

१९९९ साली सर गोंदियाच्या आमच्या कॉलेजात आले ते वनस्पतींच्या जनुकांवरची डॉक्टरेट घेऊन. धानावर गादमाशीची कीड पडली की लोंबीऐवजी पोकळ चंदेरी पोंगा निघतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण चिचगडकडच्या एका जुन्या धानाला ती लागत नाही. का लागत नाही, याची खूण सरांनी त्या धानाच्या जनुकांत दाखवली. परदेशी नियतकालिकात लेख आला. कॉलेजनं खूश होऊन त्यांना प्रयोगशाळेसाठी खेळ विभागाची जुनी खोली दिली. फ्रीजरशेजारचे भाले आणि गोळे मात्र कुणी हलवले नाहीत.

सरांचा लाडका शब्द होता 'पुरावा'. आज फार उकडतंय म्हटलं, तरी "पुरावा?" एकदा बाजारात भाजीवालीनं वांगी गावरान आहेत म्हटल्यावर त्यांनी तेच विचारलं. ती म्हणाली, "खाऊन पाय ना सर. कायले डोस्कं खाऊन रायला?" सरांनी हे उत्तर शास्त्रीय मानलं आणि किलोभर वांगी घेतली. घरी खाणारे ते एकटेच.

मग कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार असं ठरलं, आणि प्राचार्यांना एकाएकी संशोधनाची ओढ लागली. त्याच सुमारास पटले सरांनी पेढे वाटले. हैदराबादच्या कुणी जोशी मॅडम होत्या, त्यांनी सरांच्या कामावर अख्खा लेख लिहिला होता.

"अख्खा लेख! पटले सर, कमाल कर दिया आपने," प्राचार्य म्हणाले. "समितीसमोर सत्कार करून टाकू. एकदम जबरदस्त."

मी मराठी शिकवतो, म्हणून मानपत्रं माझ्या वाट्याला येतात. माणूस कोण, हे सहसा विचारावं लागत नाही. सगळेच ज्ञानसूर्य असतात. या वेळी म्हटलं, दखल काय घेतली ते तरी पाहू. शब्दकोश घेऊन बसलो. इंग्रजी फार सभ्य होतं. अर्थ एवढाच, की पटलेंनी दाखवलेली खूण आम्हाला त्या धानात सापडली नाही. त्यांच्या बियाण्यात भेसळ असावी. निष्कर्ष टिकत नाही.

लेख घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. "सर, या बाईंनी तुम्हाला पार खोडून काढलंय हो."

"हो. बरोबर आहे त्यांचं. मी पुन्हा तपासलं ना."

"मग पेढे कशाचे?"

"काऊन नाही वाटायचे?" सर उसळले. "त्या बाईनं माझ्या एका लेखापायी दोन हंगाम धान लावला. मी कुठं चुकलो तेही शोधून दिलं. इथं इतकी वर्षं मी काय करून राहिलो, हे विचारलं कोणी?"

मी विषय बदलला. "मानपत्रात काय लिहू?"

"हेच लिहा."

हेच लिहिलं. प्राचार्यांनी वाचलं, माझ्याकडे दयेनं पाहिलं, आणि सगळं काढून 'गोंदियाचा सुपुत्र' घातलं.

सत्कार झाला. शाल पांघरून, नारळ हातात धरून सर माइकसमोर आले. "माझा निष्कर्ष चुकीचा होता," ते म्हणाले. "हैदराबादच्या जोशी मॅडमनी तो दुरुस्त केला आहे. त्या धानाला गादमाशी का लागत नाही, हे आता मला माहीत नाही."

लगेच टाळ्या. प्राचार्यांनी माइक ओढला. "देखो बच्चों! इतना बड़ा आदमी, और कहता है मुझे मालूम नहीं! याला म्हणतात नम्रता!" आणखी टाळ्या. समितीचे अध्यक्ष मान डोलावत होते.

बिसेन माझ्या कानाशी आले. "काय म्हणाला बे पटले?"

"चुकलो म्हणाले."

"सत्काराला असंच बोलत असतात," बिसेन म्हणाले आणि नाश्त्याच्या टेबलाकडे गेले.

नाश्त्याला सर दिसले नाहीत. सापडले सायकल स्टँडपाशी. शाल तशीच अंगावर, नारळ काखेत, मोबाइल कानाला.

"हो मॅडम, सांगितलं. सगळ्यांसमोर, माइकवर... नाही हो, रागावलं कोणी नाही... नाही. प्रश्नही कोणी विचारला नाही."

मांडववाले खुर्च्या एकात एक आपटत होते. सरांनी दुसरा कान हातानं दाबून धरला.

"तुम्ही विचारा ना काही," ते म्हणाले. "मी रिकामाच आहे."