दैवशालेचा नंबर

दैवशालेनं सकाळी पिठाचा गोळा हातात घेतला की तिची बोटं संपावर जायची. सुजायची, आखडायची, वळता वळायची नाहीत. मग दहाच्या सुमारास, नवरा परमेश्वर बदनापूरहून मोटारसायकलीनं नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात पोचला, की गुमान कामावर रुजू व्हायची. परमेश्वरला तिचे हात संध्याकाळीच नीट दिसायचे.

"चांगली तं चालून राह्यली बोटं," तो म्हणायचा. "तुला सकाळी कामाचा कंटाळा येतो, बाकी काई न्हाई."

दोन महिने हे निदान ऐकल्यावर दैवशालेनं स्वतःच जालन्यातल्या सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीनं पंधरवड्यानंतरचा, सकाळचा पहिला नंबर दिला. सूज आली की फोटो काढून ठेवा, बोटं किती वेळ आखडतात ते बघा आणि तोवर कुणाची ऐकीव औषधं घेऊ नका, असंही बजावलं. इतक्या आपुलकीनं तिच्या बोटांची चौकशी घरात कुणी केली नव्हती.

तिनं फोटो काढून नवऱ्याला दाखवला. परमेश्वर फवारणीचा पंपसुद्धा भावकीला विचारल्याशिवाय घेत नसे. त्यानं फोटो लगेच भावकीच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या मंडळींना असा त्रास आहे. योग्य मार्गदर्शन व्हावे.'

मार्गदर्शनाचा पूर आला. तीन पिढ्यांत बांधावरून एकमत न झालेल्या भावकीचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, ते म्हणजे डॉक्टरकडे जायचं नाही. संध्याकाळपासून माणसं बाटल्या घेऊन घरी येऊ लागली. भावकीतल्या पुष्पाबाईनं तेल आणलं, कुणी काढा आणला. अंकुशनगरहून चुलतसासरे रायभान खास एसटीनं आले आणि त्यांनी राखाडी भुकटीच्या पुड्या पुढ्यात ठेवल्या.

"कशाची हाय हो ही, मामा?" दैवशालेनं विचारलं.

"ते इचारायचं नसतंय. गुण जातो."

दैवशालेनं सगळ्यांना चहा पाजला आणि सगळं फडताळात ठेवून दिलं. सासूबाईंच्या, म्हणजे गोपिकाबाईंच्या, नजरेतून ते सुटलं नाही.

"माणसं इतक्या दुरून घिऊन आल्ती, अन् तू तसंच ठिवलं?"

"डॉक्टरनं बघितल्याबिगर घ्यायचं न्हाई, आत्याबाई."

"मंग वाया घालवती काय?"

गोपिकाबाईंनी जन्मात काही वाया घालवलं नव्हतं. त्यांचे गुडघेही दुखतच होते. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून काढा प्यायला, तेल चोळायला आणि सकाळ-संध्याकाळ पुडी खायला सुरुवात केली. आठवड्याच्या आत त्या पापड वाळवायला गच्चीवर चढल्या. परमेश्वरनं तो फोटोही ग्रुपवर टाकला. रायभानरावांवर अभिनंदनाचा वर्षाव झाला.

"बघ," परमेश्वर म्हणाला, "मायला बराबर गुण आला. तुला बरंच व्हायचं न्हाई."

दैवशाला नंबराच्या दिवसाची वाट बघत राहिली. इकडे गोपिकाबाईंचा चेहरा गोल गरगरीत होऊ लागला. अंग भरलं म्हणून त्या खूश होत्या.

नंबराच्या दिवशी दैवशाला पहाटेच आवरून तयार झाली. तेवढ्यात गोपिकाबाईंना भोवळ आली. तांब्यामागून तांब्या पाणी पिऊनही त्यांची तहान भागेना.

"आज मायला दाखवू," परमेश्वर म्हणाला. "तुझ्या बोटांला काय घाई हाय? पण तू संगं चाल, बाईमाणूस लागतंय."

दैवशालेला आपला नंबर हातचा जाताना दिसला. पण सासू भिंतीला धरून उभी होती, 'नाही' तरी कोणत्या तोंडानं म्हणणार? तिनं उरलेल्या पुड्यांची पिशवी उचलली आणि रिक्षात बसली.

डॉक्टरीणबाईंनी गोपिकाबाईंची शुगर तपासली, पुड्यांचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काय काय खाल्लंय यांनी! त्यात स्टेरॉइड असणार, त्यानंच चेहरा सुजलाय आणि शुगर चढलीय. आता अचानक बंदही करू नका, मी सांगते तसंच कमी करायचं. दाखवा ती पुडी."

दैवशाला पिशवीची गाठ सोडू लागली. बोटं वळेनात. तिनं नखानं ओढून पाहिलं, मग दातांनी.

"अगं, जल्दी सोड ना," खुर्चीत बसलेला परमेश्वर खेकसला. "मॅडमचा टाइम चाललाय."

डॉक्टरीणबाई गाठीकडे नाही, बोटांकडे बघत होत्या. "रोज सकाळी अशीच असतात?"

दैवशालेच्या वतीनं परमेश्वरनंच उत्तर दिलं. "तिचं काई न्हाई, मॅडम. दहा वाजता बिलकुल बरी होतेत."

"म्हणजे रोज दहापर्यंत बरी नसतात, हे तुम्हाला माहीत होतं."

परमेश्वरचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला, पण या प्रश्नावर भावकीचं मार्गदर्शन घेतलेलं नव्हतं.

"उठा तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना बसू द्या. आणि ती गाठ तुम्ही सोडा."

परमेश्वर उठला. दैवशाला खुर्चीत टेकली आणि तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.