बन्सीरावांच्या ‘व्हय’ची फत्ते

श्रीघृष्णेश्वराचे चरणी बेल वाहून, पदरचा शब्द न घालण्याची शपथ घेऊन ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारची हकीकत, मुक्काम छत्रपती संभाजीनगर.

राजश्री बन्सीराव, मूळ वतन सोयगाव, वाळूजच्या कारखान्यात आठ वर्षे लेथ चालविलेले कसलेले वीर, यांनी विलायतेत नोकरीची मोहीम मांडिली. क्रांती चौकात एका दलालाचे ठाणे होते. त्याची अट की, पासपोर्ट माझे पेटीत ठेवा, मग मुलूख दाखवितो. परंतु चुलतबंधू फकिराराव त्याच दलालाचे भरवशावर लेथ चालवावयास दर्यापार गेले आणि दोन वर्षे हॉटेलात पातेली घासून परतले. म्हणोन बन्सीरावांनी प्रतिज्ञा केली की, आपला अर्ज आपणच करणे. मग लेथ चालवितानाचा व्हिडिओ जोडून ईमेलने एकेचाळीस खलिते रवाना जाहले आणि चाळीसांचा जबाब नाही. एक मात्र आयर्लंडातील ओकॉनर नामे कारखानदाराने वाचिला आणि व्हिडिओवर मुलाखत नेमिली. तीर्थरूप आप्पासाहेबांनी फर्मान काढिले की, ही अखेरची लढाई. हरल्यास उद्या मंगळवारी पासपोर्ट दलालाचे पेटीत.

दुपारी तीन वाजता शेजारचे नूरमोहम्मद आपला लॅपटॉप घेऊन कुमकेस आले. मातुश्री चतुराबाईसाहेबांस सोमवारचे मौन, दिवे लागेतो शब्द नाही. त्या जपमाळ घेऊन बाजूस बैसल्या. मग पडद्यावर ओकॉनर साहेब प्रगटला आणि बन्सीरावांस घाम फुटला आणि शिकलेले इंग्रजी पळोन जाऊन जीभ थेट सोयगावास पोचली.

साहेबाने पुसिले, लेथवर आठ वर्षे काम केले काय? बन्सीराव वदले, “व्हय.” साहेब दचकला, मग म्हणाला, काम बारीक आहे, म्हणोन विचारितो. पुसिले, थंडी सोसेल काय? “व्हय.” साहेब खजील होऊन सांगता जाहला की, कारखाना जुना, दरवाजा नीट लागत नाही. पुसिले, दलालाविना येणार काय? “व्हय!” तेव्हा साहेबाने सुस्कारा टाकून मनीचे दुःख कथिले की, मागील दलालाने धाडिलेल्या दोघांनी लेथ जन्मात पाहिला नव्हता.

इकडे मातुश्रींनी कपाळावर हात मारिला, परंतु व्रत न मोडिता नूरमोहम्मदांस जपमाळेने ढोसिले.

“अरे बन्सी, यस बोल ना रे! तेरा ‘व्हय’ उसको ‘व्हाय’ सुनाई देरा. तू ‘का’ म्हणून विचारतोय समझा उने!”

“आता रं? तीनदा म्हनलो की!”

मग बन्सीरावांनी हात जोडून तीन वेळा ‘यस’ म्हटले आणि ‘व्हय’चा अर्थ उलगडून सांगितला. साहेब खुर्चीत मागे रेलून हसला. वदला की, वीस वर्षांत मला कोणी ‘का’ पुसिले नाही. आज चुकून पुसिले आणि दरवाजा दुरुस्त करण्याचे ध्यानी आले. लेथचा व्हिडिओ आधीच पसंत होता, नेमणूक पक्की.

दिवे लागले. बन्सीरावांनी देवास नमस्कार करून मातुश्रींस विचारिले, “आई, जाऊ ना?”

मातुश्रींनी मौन सोडिले. पहिला शब्द निघाला, “व्हय.”

बन्सीरावांस क्षणभर तो इंग्रजीत ऐकू आला, मग त्यांनी पासपोर्ट मातुश्रींचे हाती दिला.

मंगळवारी दलालाचे पेटीत काही गेले नाही. पासपोर्ट देव्हाऱ्याखालच्या फडताळात, चावी मातुश्रींचे कमरेस. मोहीम फत्ते जाहली, ऐसी नोंद असे.