लघाट्यांच्या दुकानात राखाडी मागू नये

झाशीच्या बडाबाजारात 'लघाटे वस्त्र भंडार' नावाचं दुकान आहे, आणि तिथून मनासारखी साडी घेऊन आलेली जुनी मराठी बाई मी अजून पाहिलेली नाही. साडी घेऊन सगळ्याच येतात. पण ती असते दत्तूभैयांच्या मनासारखी.

दत्तूभैया लघाटे हे दुकानाचे मालक. साठी उलटलेली, अंगात बंडी, कानात अत्तराचा फाया, आणि नजर सदा गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी लागलेली. सकाळी टांगलेल्या साड्यांमधून ऊन गाळून येतं आणि गादीवर लाल-हिरवा उजेड पसरतो. त्यात ते बसलेले असले की माणूस दुकान चालवतोय की स्वप्न बघतोय, हे कळायला मार्ग नसतो. सोळा वर्षांची पोर असो की ऐंशीची आजी, सगळ्या त्यांच्या 'जिज्जी'. बुंदेलीत थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात, त्या हिशेबाने निम्मी झाशी त्यांची थोरली बहीण लागते.

शहाणेबाई आमच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, त्याला दहा वर्षं होऊन गेली. त्या बिचाऱ्या राखाडी साडी मागायला गेल्या.

"राखाडी?" दत्तूभैया कळवळले. "जिज्जी, चुलीत काय कमी राख आहे?"

आणि त्यांनी पोपटी साडी बांधून दिली. वर डोळे मिटून म्हणाले, "शोभतंय, जिज्जी, शोभतंय!" हे वाक्य ते कायम डोळे मिटूनच म्हणतात. ज्याला शोभतंय त्याच्याकडे बघण्याची त्यांना गरजच वाटत नाही. शहाणेबाई पोपटी नेसून मुरलीमनोहराला गेल्या तर पुजाऱ्याने विचारलं, "अम्मा, नातिन की शादी है क्या?"

रंगाचं एक वेळ सोडा, मापाचंही तेच. आमच्या शेजारच्या कमलताई लग्नात सडसडीत होत्या म्हणे. आता त्यांच्या ब्लाउजला मीटरभर कापड लागतं. दत्तूभैया ऐंशी सेंटिमीटरच्या वर कात्री नेत नाहीत. "पुष्कळ झालं तुम्हाला!" म्हणतात. मग समोरचा शिंपी कापड नाचवत दुकानात येतो. "लघाटेजी, इसमें एक बाँह निकलेगी, दूसरी कहाँ से लाऊँ?"

गंमत म्हणजे हा हट्ट फक्त आम्हा जुन्यांशी. सिविल लाइन्समध्ये बदलीवर आलेल्या साहेबांच्या बायका येतात, बोट दाखवतील ती साडी दत्तूभैया मुकाट्याने बांधून देतात. राखाडी मागितली तर राखाडी. मला याचा फार राग यायचा. आम्ही तीस-तीस वर्षांची गिऱ्हाइकं, आणि आम्हालाच ही मुस्कटदाबी!

तर माझ्या मुलाचं लग्न ठरलं. वरमाई म्हणून मला एक शांत, करडी रेशमी साडी हवी होती. माझं वय पंचावन्न, केस मानेपर्यंत कापलेले आणि त्यातले निम्मे पांढरे. शाळेतली मुलं मला घाबरतात. दत्तूभैयांनी माझ्यापुढे काय ठेवावं? डाळिंबी. जरीच्या काठाची, झगझगीत.

"दत्तूभैया, लग्न मुलाचं आहे, माझं नव्हे."

"शोभतंय, जिज्जी, शोभतंय!"

"ती करडी काढा."

"करडी विकली गेली."

करडी त्यांच्या मांडीखाली होती, मला पदर दिसत होता. मी तशीच उठले आणि सदर बाजारातून दुसरी करडी साडी घेऊन आले. पुन्हा लघाट्यांची पायरी चढायची नाही असं ठरवलं.

पण अक्षत द्यायला तर जावंच लागतं. झाशीत मराठी घरं उरलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक वगळून कसं चालेल? दुपारी दुकान बंद असताना मी त्यांच्या घरी गेले. दुकानाच्या मागच्या अंगाला जिना आहे. त्या जिन्यावर मी किती वर्षांनी पाऊल ठेवत होते, आठवेना. दत्तूभैयांच्या पत्नी इंदूवहिनी पूर्वी दुकानात गादीवर त्यांच्याशेजारी बसत. मग काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, त्यालाही वीस वर्षं झाली. पहिलं वर्षभर आम्ही सगळ्या त्यांना भेटायला जात होतो. नंतर जाऊ जाऊ म्हणत राहिलो.

वरच्या पायरीवर पोचले तर आतून आवाज आले.

"आज कोण कोण आलं होतं?" इंदूवहिनी विचारत होत्या.

"शहाणेबाई आल्या होत्या. पोपटी नेसून."

"माझ्या डोळ्यांपुढे त्या पोपटीतच आहेत. लांब केस मोकळे सोडून यायच्या, रागावल्या की झटकायच्या. अजून तसेच आहेत?"

मग दत्तूभैया म्हणाले, "आज अंबाडा होता."

"आणि सुधाने नेली का डाळिंबी?"

सुधा म्हणजे मी. मी कठडा धरला.

"अजून नाही नेली."

"नेईल. ती लग्न होऊन नवीन आली तेव्हा आपण सगळे बरुआसागरला गेलो होतो, आठवतं? तळ्याच्या काठी डाळिंबी नेसून उभी होती, वेणी ही अशी कमरेखाली. वाऱ्याने पदर उडाला तर तळ्यावरचा उजेड बदलला. मला अजून तश्शीच दिसते. तिला दुसरा रंग देऊ नका हं."

"नाही देत," दत्तूभैया म्हणाले.

मी अक्षता तशाच मुठीत घेऊन खाली उतरले. चार वाजता दुकान उघडलं तेव्हा पायरीवर उभीच होते.

"डाळिंबी द्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं, माझ्या कापलेल्या केसांसकट.

"जिज्जी, तुम्ही जिन्यावर होतात?"

मी मान हलवली.

"रोज विचारते हो ती," साडीची घडी घालत ते म्हणाले. "आणि खोटं बोललो तर आवाजावरून पकडते. मग काय करणार? तुम्हालाच तसं नेसवावं लागतं."

मला स्वतःची फार लाज वाटली. आम्ही सगळ्या त्या माणसाला विक्षिप्त म्हणत आलो, आणि आमच्यापैकी एकीलाही इतक्या वर्षांत पुन्हा वीस पायऱ्या चढणं झालं नव्हतं.

परतताना मी एक गंगावन विकत घेतलं. लग्नाच्या दिवशी डाळिंबी साडी नेसले, गंगावन गुंफून कमरेखालपर्यंत वेणी सोडली, वर गजरा माळला. मुलगा बाशिंग बांधून उभा होता, तो ओरडला, "मम्मी, ये क्या है?" आमच्या यांनी तोंडात रुमाल कोंबला. मी कोणाला काही सांगितलं नाही.

दत्तूभैया इंदूवहिनींचा हात धरून मांडवात आले. त्यांना खुर्चीवर बसवलं, मी शेजारी बसले. वहिनींनी माझा पदर चाचपला, जरीच्या काठावरून बोट फिरवलं. मग त्यांचा हात पाठीवरच्या वेणीवर आला आणि खालून वर सरकू लागला. माझे खरे चार केस संपून गंगावन सुरू होतं, तिथे येऊन तो थांबला. समोर दत्तूभैया उभे होते, डोळे मिटून.

वहिनींनी निसटू पाहणारा आकडा बोटांनी शोधला, घट्ट खोचला आणि वरून गजरा सारखा केला.

"अहो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "तुम्ही सांगता तश्शीच आहे हो सुधा!"

मग माझ्या कानाशी वाकल्या. "गंगावनाला दोन आकडे लावावेत गं," त्या कुजबुजल्या. "आणि यांना सांगू नकोस."