सहाशेची राखीव जागा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मोरेश्वर घरत कुठेही जेवायला गेले की आधी पिशवीतून वजनकाटा काढतात. ताटली काट्यावर ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग भात, पुन्हा शून्य, मग वरण. माझ्या नणंदेच्या लग्नात पळस्प्याच्या हॉलवर त्यांनी हा प्रयोग केला, तेव्हा वाढप्याला वाटलं, वजनमाप खात्याचे साहेब आले. त्याने घाबरून दोन जिलब्या जास्त वाढल्या. घरतभाऊंनी त्या तोलून परत दिल्या.

घरतभाऊ जासईकडच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहेत. कोणता कंटेनर कुठे ठेवायचा, कोणासाठी जागा मोकळी सोडायची, यातच त्यांची सगळी वर्षं गेली. लग्न राहून गेलं. दोन वर्षांपूर्वी शुगर काठावर आली आणि डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला. त्यात पहिल्याच ओळीत भाकरी बंद. भाऊंनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला तो कायमचा. मग पुतण्याने मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. त्यात बंद असं काहीच नाही. दिवसाला अठराशे कॅलरी, त्यात एकशेवीस ग्रॅम प्रोटीन, उरलेल्यात कार्ब आणि फॅट. काय खायचं ते आपण ठरवायचं. डॉक्टरही म्हणाले, हे जमत असेल तर असंच करा.

“वैनी, हे आपल्या यार्डासारखंच हाय,” ते मला समजावतात. “माल कुठला पन येऊ दे. आपन जागा बघायची.”

मग वडापाव खायचा असेल तर सकाळचे पोहे जातात, दुपारचा भात निम्मा होतो आणि प्रोटीनची भरती करायला चार अंड्यांचं पांढरं उकडलं जातं. कुणी काहीही पुढे केलं तरी उत्तर एकच, “जागा बघायला लागेल.”

मला या सगळ्याची गंमत वाटायची. पण मग प्रकरण माझ्या पुरणपोळीवर आलं. होळीला मी गरम पोळी, वर तुपाची धार सोडून, त्यांच्या दारात नेली. त्यांनी काटा काढला, पोळी तोलली, अर्धी ठेवली आणि अर्धी मला परत दिली.

“एवढीच जागा हाय, वैनी.”

मी त्यांच्या हातातल्या फोनमध्ये डोकावले. “अहो, इथे तर सहाशे शिल्लक दिसतायत.”

“ते राखीव हायत. संध्याकालचे.”

राखीव म्हणे. माझी पोळी अशी अर्धी परत कधी आलेली नाही. आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. रोज संध्याकाळी हा माणूस गाडी काढून जातो तो कुठेतरी बसून चमचमीत हाणत असणार, असं मी नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मला उरणला मावशीकडे मुक्कामाला जायचं होतं. भाऊ म्हणाले, “मी त्याच बाजूला चाललोय, सोडतो. फक्त वाटेत गावात घरी थोडं थांबायला लागेल.”

गावातल्या घरात त्यांची आई होती, पंच्याऐंशीच्या पुढची, वाळलेल्या शेंगेसारखी. धाकटा मुलगा आणि सून शेजारच्याच घरात राहतात, पण म्हातारीचा हट्ट असा की मोरू कामावरून आल्याशिवाय ती घास घेत नाही. आम्ही पोचलो तेव्हा तिची तांदळाची भाकरी तव्यावर होती. बोटं थरथरत होती, पण भाकरी गोल. भाऊ मांडी घालून बसले. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. काटा पिशवीतून निघालाच नाही. समोर बसून आईही हळूहळू जेवली. मी मात्र घरून जेवून निघाले होते, म्हणून नुसता चहा घेतला.

हात धुतले, भांडी आवरली. दहा मिनिटं झाली असतील. म्हातारीने मुलाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा कावराबावरा झाला.

“मोरू, कवा आलास? जेवला नाय ना अजून?”

“नाय गो आय,” भाऊ म्हणाले. “वाढ.”

आणि ते पुन्हा मांडी घालून बसले.

पुन्हा भाकरी, पुन्हा चटणी. म्हातारीनेही आपली ताटली ओढून घेतली. ती मला म्हणाली, “तू पन बस गो बाय.” या वेळी मी बसले. पोटात जागा नव्हती, तरी अर्धी भाकरी खाल्ली.

आम्ही उरणच्या रस्त्याला लागलो. गाडीत भाऊच म्हणाले, “एकदा मी बोललो तिला, आय, आताच जेवलो. तर घाबरली. आपल्याला काय झालंय ते तिला त्या वेली कललं. रडली, दुसऱ्या दिवशी जेवलीच नाय. तवापासून मी बोलतच नाय. आन दुसऱ्यांदा बसलं की ती पन चार घास जास्त खाते. तिचं वजन उतरतंय, वैनी.”

सिग्नलला त्यांनी फोन काढला. मला वाटलं, आता स्वतःच्या भाकऱ्या लिहिणार. पण त्यांनी दुसरं पान उघडलं. वर नाव होतं, ‘आय’. घास मोजून, अंदाजाने आकडा भरला. काल सातशे. आज आठशेदहा.

“तुमी बसलात ना, म्हनून,” ते म्हणाले. “पावना असला की ती जास्त जेवते.” मग समोर रस्त्याकडे बघत, जरा अडखळत म्हणाले, “पुढच्या रविवारी येता का?”

 आठ दिवस धरलेल्या रागाची मला लाज वाटली. “येते,” मी म्हटलं.

त्या पुढच्या रविवारी दुपारी जेवताना मी एकच पोळी घेतली. नवऱ्याने विचारलं, “बरं नाही का?”

म्हटलं, “बरी आहे. संध्याकाळची जागा ठेवतेय.”